तोफांच्या गावात आजोबांची बंदूक

जबलपूर म्हटलं की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा आठवतो. पण या शहराची दुसरी ओळख लोखंडाची आहे. 1904 साली इथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, 1942 मध्ये खमरियाचा दारूगोळा कारखाना आला आणि 8 एप्रिल 2019 रोजी पहिल्या सहा ‘धनुष’ तोफा इथूनच लष्कराच्या हाती गेल्या. ‘बाबा फॅक्टरीत होते’ एवढं सांगितलं की इथे पुढचं कुणी विचारत नाही.

दीक्षितपुरा ही जुन्या जबलपुरातली वस्ती. अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी घरं आणि जवळच्या बाजारात कढईतून निघणारी खोव्याची गडद जलेबी. मराठी माणूस इथे नवा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, मग नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर 1817 मध्ये इंग्रजांनी घेतला. राज्य गेलं, माणसं राहिली. त्यांच्या मराठीत ‘येऊन राहिलो’ आणि ‘अपन’ गुण्यागोविंदाने नांदतात.

अशाच एका मराठी घरात मी खंडेनवमीला गेले होते. पाटावर पाना, पकड, शिवणयंत्राची कात्री आणि त्यांच्या शेजारी आजोबांची दुनळी बारा बोअर बंदूक. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले, बंदूक मात्र परवान्यासह कपाटात राहिली. यंदा तिचा डावा घोडा ढिला झाला होता आणि दस्त्याला बारीक चीर गेली होती.

पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही आयुष्यभर खराद चालवला. एवढं घरीच करून टाका ना!”

काकांनी हसून मान हलवली. “खराद येतो म्हणूनच नाही म्हणतो, बेटा.”

बाहेरून साधी, आतून नाही

काकांचं म्हणणं समजायला थोडी माहिती हवी. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात नेमकी मावेल, एवढ्या व्यासाची नळी. काडतूस उडतं तेव्हा आतला सगळा दाब या नळीच्या भिंतीवर आणि मागच्या बिजागरीवर येतो. तोंड तर गोळी झाडणाऱ्याच्या हातापासून वीतभर अंतरावर असतं.

काही जुन्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेटोळी करून जोडलेल्या असतात. त्यांवरची नक्षी देखणी दिसते, पण त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या काडतुसाने अशी नळी फाटू शकते. काही बंदुका 65 मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनलेल्या असतात. त्यांत 70 मिलिमीटरचं काडतूसही आरामात बसतं, कारण उडण्याआधी त्याचं तोंड मुडपलेलं असतं. उडताना ते उघडतं, पुढची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. म्हणजे ‘आत बसलं’ याचा अर्थ ‘चालतं’ असा नव्हे. नळीतला पोचा, फुगवटा, गंजाने पातळ झालेली भिंत हे मोजायला मापं लागतात आणि ती वाचणारा डोळाही.

घरचं काम कोणतं, कारागिराचं कोणतं?

मालकाने घरी करायचं ते असं: बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते पाहायचं, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवायची. गजाला कापड गुंडाळून नळी आतून पुसायची, धातूवर तेलाचा पातळ हात फिरवायचा, दस्ता कोरड्या कापडाने पुसायचा. पावसाळ्यानंतर हे नक्की करायचं. मुलं आसपास नकोत, हे सांगायला नको.

घोडा, चाप, स्प्रिंग, नळी यांना हात लावायचा नाही. यात कायदाही काकांच्याच बाजूने आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. विनापरवाना दुरुस्तीला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची कैद आहे, जास्तीत जास्त जन्मठेप. नळी कापून आखूड करणं हाही तसाच गंभीर गुन्हा. म्हणून बंदूक परवान्यासह परवानाधारक दुकानात न्यायची, तिथल्या वहीत नोंद करवायची आणि पावती जपायची.

कौशल्य एकटं पुरत नाही, हे या शहराने पाहिलंय. 2018 मध्ये बिहारमधल्या मुंगेरला सापडलेल्या एके-47 रायफलींचा धागा जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारापर्यंत आला. बाद झालेल्या शस्त्रांचे भाग घरी जोडून विकल्याच्या आरोपाखाली तिथल्या एका निवृत्त आर्मररला अटक झाली. हात तेच, विद्या तीच. कारखान्यात प्रत्येक कामाची तपासणी होते, खाली कुणाची तरी सही असते. घरच्या ओट्यावर ते काहीच नसतं.

पुढच्या पिढीचा प्रश्न

काकांची खरी चिंता दस्त्याच्या चिरेची नव्हतीच. मुलगा पुण्यात, सून म्हणते घरात बंदूक नको. परवानाधारक गेल्यावर बंदूक तशीच कपाटात ठेवणं बेकायदा आहे. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. पण तोवर थांबायचं कारण नाही. 2016 च्या नियमांनुसार परवानाधारकाला 70 वर्षं झाली किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, तर तो हयातीतच वारस सुचवू शकतो. वारसाला स्वतःचा परवाना मिळवावा लागतो.

तुमच्या घरी अशी वडिलोपार्जित बंदूक असेल, तर या दसऱ्याआधी परवान्याची तारीख बघा आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारा: ही कुणाला हवी आहे? ‘कुणालाच नाही’ हेही उत्तर असू शकतं आणि त्यात आजोबांचा अपमान नाही.

काकांनी फूल बाजूला केलं, नळ्या पुन्हा एकदा पाहिल्या, बंदूक पुसून म्यानात घातली आणि परवान्याची वही वर ठेवली. सोमवारी ती दुकानात जाणार होती. मुलाला फोन त्यांनी त्याच संध्याकाळी लावला.