आने का कारण

हॉटेलच्या रजिस्टरमध्ये नाव, गाव, आधार नंबर असे रकाने होते. काउंटरवरच्या माणसानं गावापाशी पेन थांबवलं.

"धावडा? ये किधर पडता है?"

"अजंता केव्ज के पास," मी नेहमीचं उत्तर दिलं. जालना जिल्हा, भोकरदन तालुका, अजिंठा-बुलडाणा रस्ता, हे सगळं सांगत बसायला सकाळी साडेसहा वाजता अंगात त्राण नव्हतं.

शेवटचा रकाना होता 'आने का कारण'. वरच्या सगळ्या ओळींत तिथं एकच शब्द होता : घूमना. त्यानं आम्हाला न विचारताच आमच्या ओळीतही तोच लिहिला आणि रजिस्टर मिटलं. मागं आई उभी होती. डोक्यावर पदर, एका हातात धपाट्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेली स्टीलची बरणी. घूमना!

आम्ही जैसलमेरला दादाला भेटायला आलो होतो. दादा बीएसएफमध्ये आहे. गावात सगळे 'मिल्ट्रीत हाये' म्हणतात, आम्हीही आता दुरुस्त करत नाही. आधी पोलीस भरतीत तो दोनदा थोडक्यात राहिला. मग स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेच्या मागं लागला. पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत पळावं लागतं, म्हणून पहाटे चारला अजिंठा-बुलडाणा रस्त्यावर ट्रकच्या उजेडात पळायचा. आमच्याकडं तीन एकर कोरडवाहू आहे. त्याला सीमेवर जायची हौस होती का, हे त्याला कुणी विचारलं नाही. तोही कधी बोलला नाही.

2025च्या मे महिन्यापर्यंत जैसलमेर आमच्यासाठी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरची वाळू होती. 7 मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि 8 मेच्या रात्री जैसलमेरवर ड्रोन आले. शहरात ब्लॅकआउट. टीव्हीवर स्टुडिओतच सायरन वाजत होते. कराचीपासून इस्लामाबादपर्यंत काय काय ताब्यात आलं, हे निवेदक ओरडून सांगत होते. त्यातलं बरंचसं खोटं होतं हे नंतर कळलं. आमच्या घरात दहा-बारा माणसं जमली होती आणि दादाचा फोन बंद होता. एक जण मोबाइलवर काळ्या आभाळात लाल ठिपके पळताना दाखवत आईला म्हणाला, "मावशे, हे बघ, जैसलमेर." आई ते ठिपके बघत राहिली. त्या ठिपक्यांच्या खाली कुठंतरी तिचा पोरगा होता.

10 तारखेला संध्याकाळी युद्धबंदी जाहीर झाली. फोन लागला 11ला. दादा म्हणाला, "मी ठीक आहे, जेवले का?" आई फोनवर काही बोलली नाही. ठेवल्यावर म्हणाली, "मला तो डोळ्यानं पाह्यचाय."

दिवाळीत सुट्टी मिळाली नाही. भाऊबीजेला मी पाटावर नारळ ठेवून त्यालाच ओवाळलं. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात जे केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. आमचाही कापूस झाडावरच काळा पडला. एरवी नोव्हेंबरात आई वेचणी सोडून लग्नालाही जात नाही. यंदा वेचायलाच काही नव्हतं. म्हणाली, "चल मग."

जळगावहून अहमदाबाद, तिथून जोधपूर आणि मग रात्रीच्या गाडीनं जैसलमेर. खोली मी अ‍ॅपवर शोधली होती. 599 रुपये रात्र, चार तारे, फोटोत गच्ची आणि मागं सोनेरी किल्ला. 'कपल फ्रेंडली' असंही लिहिलेलं. मायलेकींशी फ्रेंडली आहे का, ते लिहिलं नव्हतं.

आधार कार्डांचे फोटो काढून झाल्यावर काउंटरवरच्यानं लॅमिनेट केलेलं एक कार्ड पुढं सरकवलं. कॅमल सफारी, जीप सफारी, सम ड्यून्सवर तंबूत मुक्काम. खाली ठळक अक्षरांत : बॉर्डर टूर, तनोट-लोंगेवाला, एक दिन.

मी म्हटलं, आम्हाला काही नको. फक्त खोली.

त्याचा चेहरा पडला नाही, पण आवाज बदलला. 599 हा 'सफारीवाला रेट' होता. सफारी नसेल तर सीझनमध्ये हीच खोली 1200. अ‍ॅपवर असं कुठंच नव्हतं, मी मोबाइल पुढं धरला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, 599 में तो चादर भी नहीं धुलती." त्यानं हिशोबच मांडला. अ‍ॅपवाले एवढे कापतात, स्टेशनवरून गिऱ्हाईक आणणारा रिक्षावाला एवढे घेतो, लाइटबिल एवढं. खोलीत काही सुटत नाही, सुटतं ते उंटात. जैसलमेरमध्ये स्वस्तात उतरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो. खोली स्वस्त असते कारण बाकीची किंमत दुसरीकडून कुठूनतरी वसूल होणार असते.

मी भांडायच्या तयारीत होते. तेवढ्यात आईनं त्या कार्डावर बोट ठेवलं. देवनागरी ती सावकाश वाचते. "बॉर्डर टूर," तिनं वाचलं. मग त्याला तिच्या हिंदीत म्हणाली, "भैया, हमको बॉर्डर नहीं देखना. बॉर्डर पे से एक आनेवाला है, उसको देखना है."

तो काही क्षण आमच्याकडं बघत राहिला. मग 900वर आला. त्याहून खाली नाही. नंतर आई म्हणाली, तेवढं बरोबरच होतं, त्यालाही लेकरंबाळं असतील.

खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची पिवळी भिंत. ब्लँकेटला वाळूचा वास. दाराची कडी वरून सैल होती. आईनं रात्री दाराला बॅग आणि बॅगेवर खुर्ची लावली. पण तिचं सगळं लक्ष बाथरूमकडं. नळ सोडला तर जोरात धार आली. तिनं पटकन बंद केला, पुन्हा सोडला.

"वाळवंटात पाणी कुठून आलं गं?"

मी तिला इंदिरा गांधी कालव्याचं सांगितलं. पंजाबात सतलज आणि बियास जिथं मिळतात त्या हरिके धरणातून निघतो आणि साडेसहाशे किलोमीटर चालत इथल्या वाळूपर्यंत येतो. त्याआधी शेकडो वर्षं या शहराची तहान गडीसर तलाव भागवायचा.

आई गप्प बसली. 2012-13च्या दुष्काळात मी शाळकरी होते. रात्री टँकर यायचा तेव्हा ती मला उठवून रांगेत उभी करायची. अजिंठ्याच्या डोंगराजवळ राहणारी बाई वाळवंटातल्या नळाकडं बघत होती. दोन्ही दिवस तिनं अंघोळ एका बादलीतच केली. तेच पाणी पायावर घेऊन फरशी धुतली.

दादा पहिल्या दिवशी येणार होता. दुपारी फोन आला : आज नाही, उद्या बघतो. कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. इतक्या वर्षांत तेवढं कळायला लागलंय.

संध्याकाळी मी बळंच आईला किल्ल्यावर नेलं. 1156 साली रावल जैसलनं बांधायला घेतलेला हा किल्ला अजून राहता आहे. आत घरं, देवळं, दुकानं आणि हॉटेलं. जुन्या काळी वर पाणी घागरींनी यायचं, मोजकं लागायचं. मग नळ आले, संडास आले, लॉज आले. वापरलेलं पाणी डोंगराच्या मातीत मुरायला लागलं आणि बुरूज खचायला लागले. 1996 साली जागतिक वारसा जपणाऱ्या एका संस्थेनं धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव घातलं होतं. आई म्हणाली, "पाणी नसलं तरी मरण, झालं तरी मरण." मला आमचा काळा पडलेला कापूस आठवला.

वरून शहर संपतं तिथपर्यंत दिसत होतं. त्यापुढं नुसतं सपाट. आईनं विचारलं, "हद्द कोणत्या बाजूनं?" मी पश्चिमेला हात केला. इथून शंभर किलोमीटरच्या पुढं असेल, दिसत नाही. तरी ती सूर्य बुडेपर्यंत तिकडंच बघत होती. मग म्हणाली, "तुह्या आज्ज्याच्या वक्ताला आपल्याकडंबी हद्द होती."

खरं होतं ते. 1947पर्यंत आमचा तालुका निजामाचा आणि पलीकडचं बुलडाणा इंग्रजांचं. आजोबा सांगायचे, धाडकडं चालत गेलं की राज्य बदलायचं. आज तिथं जिल्हा बदलल्याची पाटी आहे, तीही झुडपात गेलेली. एसटीतल्या माणसाची झोपसुद्धा मोडत नाही.

रात्री मी गच्चीवर नेटवर्क शोधत होते. काउंटरवरचा माणूस तिथं एकटाच बसला होता. आपणहून मे महिन्याबद्दल बोलायला लागला. त्याचं गाव रामगडच्या बाजूला, तनोटच्या वाटेवर. त्या रात्री हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं, जी दोन-चार होती ती मिळेल त्या गाडीनं निघून गेली होती. सगळे दिवे घालवून तो इथंच, या गच्चीवर, म्हाताऱ्या आईशी फोनवर बोलत होता. आभाळात आवाज होत होते. पुढं दोन महिने बुकिंग नाही. "आप लोग टीवी पे देख रहे थे," तो म्हणाला. चिडून नव्हे, सहज. मला आमच्या घरातली ती दहा-बारा माणसं आठवली. ते लाल ठिपके याच्या डोक्यावर होते. त्यांच्या खाली एकटा दादाच आहे, असं आम्हाला वाटत होतं.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आला. साध्या कपड्यांत. रंग करपलेला, ओठ फुटलेले, मान बारीक झालेली. दोनला परत निघायचं होतं. चार तास.

आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि लगेच पिशवी सोडली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, बरणीतला हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यानं गरम पाण्यानं अंघोळ केली. मी खालून स्टूल मागून आणलं, त्यावर ताट ठेवलं आणि महिना उशिरानं भाऊबीज केली. ओवाळणी म्हणून त्यानं पाचशेची नोट टाकली. मी म्हटलं, अर्ध्या खोलीचं भाडं निघालं. तो हसला.

मग म्हणाला, "आई, पाच मिनिटं पडतो."

साडेअकराला पडला तो गाढ झोपला. मी त्याला उठवायला गेले तर आईनं माझा हात धरला. तीन दिवसांचा प्रवास, 900 रुपये रात्र, आणि बोलायचं राहिलेलं कितीतरी. ती खाली फरशीवर बसली आणि त्याच्या झोपेकडं बघत राहिली. बाहेर कुणी जोरात बोललं की दाराकडं डोळे वटारायची. पंखा गरगर करत होता. एकदा तो झोपेत दचकला, हात उशाशी काहीतरी शोधत गेला. आईनं तिथं स्वतःचा हात ठेवला.

तेव्हा मला सफारीवाला रेट आठवला. स्वस्त खोलीची उरलेली किंमत उंटातून वसूल होते, हे त्या माणसानं तोंडावर सांगितलं तरी. आम्ही रात्री निवांत झोपतो, टीव्हीवर ओरडतो, स्टेटसला झेंडे लावतो, त्याची उरलेली किंमत कशातून वसूल होते ते कुठल्याच कार्डावर छापलेलं नसतं. पहाटे चारला रस्त्यावर पळणाऱ्या, तीन एकर कोरडवाहूवाल्या पोरांच्या झोपेतून होत असावी.

पावणेदोनला तो स्वतःच उठला. "उठवलं काहून नाही?" म्हणून आईवर चिडला. बूट घालताना तिनं त्याच्या खिशात एक रुमाल घातला. तनोटमातेच्या देवळात नवसाचे रुमाल बांधतात, हे तिला रात्री त्या गच्चीवरच्या माणसानं सांगितलं होतं. 1965 आणि 71च्या लढायांत देवळाभोवती पडलेले बॉम्ब फुटले नाहीत म्हणतात, आणि देऊळ बीएसएफच सांभाळतं. "तिकडं गेलास की बांध," आई म्हणाली. "काय मागू?" त्यानं विचारलं. "तू नको काही मागू. मी सांगितलंय तिला."

आमची गाडी संध्याकाळची होती. सामान घेऊन खाली आलो तेव्हा सही करायला रजिस्टर पुढं आलं. आई वाकून वाचायला लागली. आमचं नाव, धावडा, आणि पुढं ते एक अक्षर अक्षर लावत.

"घू-म-ना. म्हंजी फिरायला?"

"हो."

"मंग खोड म्हनावं ते."

मी अवघडले. पण त्या माणसानं काही न बोलता पेन तिच्याकडं दिलं. आईनं शब्दावर एक रेघ मारली आणि वर, जागा पुरेना म्हणून रकान्याबाहेर जात, मराठीत लिहिलं : पोराला भेटायला.

त्यानं ते वाचलं. मान हलवली. मग दारात उभ्या असलेल्या नवीन गिऱ्हाइकाकडं वळून विचारलं, "आने का कारण?"