तीनशे रुपयांचे टेबल

जुने लाकडी सामान घेताना आधी रंगाकडे नव्हे, बुडाकडे पाहावे. मी सरळ भुईवर बसून टेबलाखाली मान घातली तेव्हा भंगारवाला हसला. "काय पायता काकाजी, अस्सल सागवान हाये!" खिशातल्या किल्लीने मी आतल्या अंगाला थोडे खरवडले. सोनेरी तपकिरी रंग, बोटाला किंचित तेलकटपणा आणि कमावलेल्या कातड्यासारखा वास. गृहस्थ खरे बोलत होता. तीनशे रुपयांत टेबल जठारपेठेतल्या आमच्या घरी आले.

टेबलाची गरजही तशीच होती. गेल्या मे महिन्यात मुलाची पुण्याची नोकरी गेली आणि तो, सूनबाई व सहा वर्षांची नात अशी तिघे अकोल्यास आली. माझे पेन्शन ते केवढे! सूनबाईंनी घरीच गणिताच्या शिकवण्या घ्यायचे ठरवले. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे हाती पाच आठवडे. "मुले सतरंजीवर बसतील की," असे मी म्हणताच हिने डोळे वटारले. "अहो, फी घ्यायची तर त्यांना बसायला नको का नीट?"

टेबलावर रंगाची पुटे किती, देव जाणे. हिरवा, त्याखाली करडा, त्याखाली काळा. इथे जपावे लागते. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव फार. आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसे नको, हा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची कोरडी भुकटी लहान मुलाच्या पोटात गेली, तर त्याच्या मेंदूवर परिणाम होतो. म्हणून सारे काम गच्चीवर, नाकाला फडके बांधून आणि वॉटरपेपर ओला करून. नातीला गच्चीचा जिना बंद! ढेकणांचा बंदोबस्त हिने उकळत्या पाण्याने आधीच केला होता. तो विषय तिचा.

नोकरी गेल्यापासून मुलगा कुणाशी फारसे बोलत नसे. तिसऱ्या दिवशी तो सकाळी सहालाच वर आला आणि काही न बोलता दुसऱ्या बाजूने घासू लागला. मीही काही विचारले नाही.

टेबल डुगडुगत होते. वऱ्हाडचा उन्हाळा लाकडाचाही अंत पाहतो. पारा 45 अंशांवर जातो, हवा कोरडी होते, लाकूड आडवे आकसते आणि जोड सैल पडतात. अशा वेळी लोक खिळा ठोकतात. खिळ्याने लाकूड चिरते, डुगडुगणे काही जात नाही. जुने सुतार सरस वापरीत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस गरम पाण्याने मऊ होतो आणि जोड न मोडता सुटतो. 1959 साली फेव्हिकॉल आले आणि पुढे सरस मागे पडला. पण जुन्या सरसावर नवे फेव्हिकॉल धरत नाही; तो पुरता खरवडावा लागतो. "बाबा, हा पाहा, आतून अगदी कोरा आहे," मुलगा म्हणाला. सुतार बोलवायचा नव्हता, शिकंजेही नव्हते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळल्या आणि रात्रभर तसेच ठेवले.

राहिले पॉलिश. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो लेप चढवतात, त्याचा चपडा होतो. तो स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घातला. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पातळ हात देत गेलो. कापूस वऱ्हाडात मागायला नको! घाई मात्र होती, कारण पावसाळी हवेत हे पॉलिश पांढरे पडते. मृग बरसायच्या आत सात हात झाले.

शिकवणीला पहिल्या दिवशी चार मुले आली. हिने कौतुकाने सूनबाईंपुढे चहाचा वाफाळता पेला ठेवला आणि उचलला तो खाली पांढरे कडे! सूनबाईंचा चेहरा उतरला. चपडा स्पिरिटने पुन्हा विरघळतो, एवढे त्याचे चांगले. मुलाने ओलसर बोळा हलकेच दोनदा फिरवला, कडे गेले.

आता त्याने शेजाऱ्यांची एक खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली आहे. लाकूड उत्तम आहे. बैठकीचा वेत मात्र पार फाटलेला, आणि तो विणायचा कसा हे आम्हा दोघांनाही येत नाही.