सूर्यपुत्राच्या गावात सूर्याचा हिशेब



शनिदेव हे सूर्याचे पुत्र, पण बापलेकांचे फारसे पटत नाही असे पुराणे सांगतात. आमच्या शिंगणापुरात तर देव छपराविना उन्हातच उभे! अशा गावात गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे का, यावर आमच्या घरात महिनाभर खल चालू आहे. म्हटले, मास्तरकीच्या सवयीने हिशेब फळ्यावरच मांडू.

1 किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी 4 युनिट वीज देतो, म्हणजे महिन्याला 120. 2024 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये अनुदान आहे. आम्हाला किलोवॉटमागे 70,000 खर्च सांगितला. अनुदान वजा जाता 40,000.

आता महावितरणचे बिल. वीज शुल्क सोडून पहिल्या 100 युनिटांचा दर सहा रुपयांच्या आसपास, पुढे 300 पर्यंत जवळजवळ दुप्पट. आम्ही दोघे 90 युनिटांत भागवतो. स्थिर आकार चुकत नाही, म्हणजे वाचणार महिना साडेपाचशेच्या आसपास. 40,000 वसूल व्हायला सहा वर्षे! उलट 250 युनिट वापरणाऱ्या घराने दोन किलोवॉटला 80,000 घातले, तर महिना दोन हजारांवर वाचून तीन वर्षांतच फिटतात. गंमत आहे ना? खोलीखोलीतले दिवे मालवत फिरणाऱ्याला फायदा कमी.

आणखी एक. बॅटरी नसेल तर बाहेरची वीज गेली की सौर संचही थांबतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. आणि शिलकी युनिटांचा हिशेब 31 मार्चला मिटतो, नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर.

वयाच्या शहात्तराव्या वर्षी सहा वर्षांची वसुली मांडताना हसू येते. पॅनेलची हमी 25 वर्षांची, माझी कोण देणार?

सौ.ने मात्र सगळे गणित एका वाक्यात मोडीत काढले. "मे महिन्यात रात्री उठून कूलर बंद करता, ते शंभर युनिट ओलांडतील म्हणूनच ना?" खरे आहे. 120 मधून 90 गेले की 30 उरतात. त्या 30 युनिटांची झोप कुठल्या रकान्यात लिहायची?

असो. अर्ज भरायचे ठरले आहे. तुमच्याकडे बसवले असेल तर अनुभव जरूर कळवा.