सुट्टी, लाइट आणि आज्जीची कन्नड

परीक्षा संपली आणि पुण्याहून वळसंगला आलो. पारा 42 च्या वर, दुपारी नेमकी लाइट जाते, मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर. आणि भेटेल तो विचारतो, "पुढं काय?" वैताग नुसता!

म्हणून ह्या सुट्टीत नवा छंद लावून घेतलाय. लाइट गेली की आज्जीजवळ बसून तिचे कन्नड शब्द वहीत उतरवायचे. बिसलु म्हणजे ऊन, गाळी म्हणजे वारा. आणि मळी म्हणजे पाऊस! आम्हाला मळी माहीत ती साखर कारखान्यातली.. आज्जी जाम हसली.

1967 साली महाजन आयोगाने दक्षिण सोलापुरातली बरीच गावं कर्नाटकाला द्यायची शिफारस केली होती. तालुका महाराष्ट्रातच राहिला, आम्ही मराठी शाळेत शिकलो. आज्जी कन्नडात विचारते, आम्ही नातवंडं मराठीत उत्तर देतो. समजतं सगळं, बोलता येत नाही.

परवा ती म्हणाली, "तुझे आजोबा गेल्यापासून पोटभर कन्नड बोलायला घरात कुणी नाही रे." काय बोलणार..

असो. वहीत 112 शब्द झालेत, त्यांची वाक्यं अजून जुळत नाहीत. कॉलेज सुरू व्हायच्या आत आज्जीला एक अख्खी गोष्ट कन्नडात सांगायचीय. पहिल्या मळीची सांगेन म्हणतो.