रंग फिरवणारा हात

नव्वदच्या दशकातली लग्नाची कॅसेट बघायला बसलं की विधी उरकल्यावर तो प्रकार हमखास यायचा. नवरा-नवरी बागेत, मागे हिंदी गाणं, आणि बघता बघता अख्खं चित्र गुलाबी, मग जांभळं, मग निळसर. शूटिंगचे पैसे वसूल झाले ते इथे, असं वधूपित्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. कॅसेट मिक्सिंग करणारे आम्ही लोक याला ‘इफेक्ट मारणे’ म्हणायचो.

आणि तो खरोखर हातानेच मारावा लागे. दोन व्हीसीआर चित्र पुरवायचे, तिसऱ्यावर रेकॉर्डिंग चालायचं, मधे मिक्सर. मिक्सरवर रंग सरकवायची एक बोटभर दांडी. टीव्हीच्या सिग्नलमध्ये उजेडाची माहिती वेगळी आणि रंगाची वेगळी, त्यामुळे दांडी ढकलली की उजेड जागेवर राही आणि रंग तेवढा लालकडे किंवा निळ्याकडे झुके. गाणं कानावर, नजर मॉनिटरवर, बोटं दांडीवर. ध्रुवपद आलं की जरा जोर, कडव्यात ढिलं. ताल चुकला तर टेप मागे घेऊन तो तुकडा पहिल्यापासून रेकॉर्ड करायचा. अधलीमधली एक फ्रेम काढून सुधारायची सोयच नव्हती. शिवाय व्हीएचएसवर रंग आधीच पसरट. नवरीचा लाल शालू कडांबाहेर ओघळायचा, आणि मास्टरवरून काढलेल्या कॉपीत तर आणखीच.

आमच्या आधीच्यांची अडचण वेगळी होती. मूकपटांच्या काळात फिल्मचे तुकडे रंगाच्या द्रावणात बुडवत: रात्रीला निळा, आगीला लाल, दिव्याच्या उजेडाला पिवळसर तांबूस. रंग बदलायचा तो सहसा दृश्य बदलताना, कारण वेगवेगळ्या रंगांत बुडवलेले तुकडे मागाहून जोडलेले असत. मग बोलपट आले. फिल्मच्या कडेची ध्वनिपट्टी उजेडावर वाचली जाई, रंगामुळे तो उजेड अडू लागला, आणि ही पद्धत मागे पडत गेली.

आता रंग फिरवण्याचं हेच काम आफ्टर इफेक्ट्समध्ये. हे सॉफ्टवेअर १९९३ सालचं, म्हणजे आमचे मिक्सर जोरात होते तेव्हाच अमेरिकेत ते बाजारात आलं होतं. आम्हाला पत्ताही नव्हता. सगळ्या चित्रावर एक अॅडजस्टमेंट लेयर टाकायचा, त्यावर ‘कलर बॅलन्स (एचएलएस)’ हा इफेक्ट, आणि ह्यूची, म्हणजे रंगछटेची, तबकडी फिरवायची. हल्लीची पोरं तर कीफ्रेमचे, म्हणजे कुठल्या क्षणी कोणता रंग हे हाताने नेमून देण्याचेही, कष्ट घेत नाहीत. एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे तिथल्या सूत्रात, टाइम गुणिले ३६ लिहिलं की दर सेकंदाला रंग ३६ अंश सरकतो आणि १० सेकंदांत ३६० अंशांचा फेरा पूर्ण. सोय अफाट आहे, नाही म्हणणार नाही. सकाळी गिऱ्हाइकाने ‘जरा कमी करा’ म्हटलं तर दुपारपर्यंत कमी होतं. आमच्या वेळी अशा मागणीला हसून चहा पाजायचो.

पण तो एकसारखा फिरणारा रंग डोळ्यांना बोचतो, त्याला कारण आहे. ह्यू फिरवताना चित्रातला प्रत्येक रंग तेवढ्याच अंशांनी सरकतो. १२० अंशांवर लाल शालू हिरवा होतो, माणसांचे चेहरे हिरवट पडतात आणि हळदीचा पिवळा चक्क मोरपिशी! हळदीच्या व्हिडिओत मोरपिशी नवरी मी पाहिलेली आहे. त्यातून तबकडीवर हिरव्याचा पट्टा डोळ्यांना लांबलचक आणि पिवळ्याचा चिंचोळा, म्हणून वेग सारखा ठेवला तरी चित्र हिरव्यात रेंगाळतं आणि पिवळ्यातून पळतं. दांडीवरचा हात हिरव्याकडे जायचाच नाही. समोर नवरीचा चेहरा दिसत असे आणि तो बिघडला की बोट आपसूक मागे येई. जुन्या इफेक्टमध्ये जी काय गोडी होती ती या मागे येण्यात होती. ती मशीनची नव्हे.

हे आजही जमतं. ह्यू न फिरवता टिंट लावायचा, त्याचं प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांवर ठेवायचं, म्हणजे खाली त्वचेचा मूळ रंग शाबूत राहतो. कीफ्रेम गाणं ऐकून स्वतः मांडायच्या, दोन किंवा तीनच रंगांच्या, आणि त्यांच्यातलं अंतर मुद्दाम असमान. वेळ लागतो. लागू द्यावा.

राहता राहिल्या जुन्या कॅसेट. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि नवा व्हीसीआर मिळेनासा झाला. दुरुस्त करणारेही आता कमीच. तुमच्या कपाटात आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट असेल तर चालू व्हीसीआर मिळतोय तोवर ती डिजिटल करून घ्या. करून देणाऱ्याला एवढंच बजावा, की बागेतलं गाणं गुलाबी दिसलं तर ते ‘दुरुस्त’ करू नकोस.