वात आणि तेल

सन 2025 च्या जून महिन्यातील त्या बारा दिवसांत आम्ही मातोश्रींसह कितीतरी रात्री घरातील ममादमध्ये काढल्या. मातोश्रींचे वय पंच्याऐंशी. रात्री त्यांना ऑक्सिजनच्या यंत्राचा आधार लागतो. एके रात्री इमारतीतील वीज गेली. ती वीस मिनिटांत परतही आली. परंतु तेवढा वेळ आम्ही त्यांचा हात धरून श्वास मोजीत बसलो होतो. घरात विजेची राखीव सोय करावयाचीच, असा निश्चय आम्ही तेव्हा केला.

जनरेटरचा विचार सोडावा लागला. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो प्राण घेतो. उरली ती बॅटरीची पेटी, जिला बाजारात पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात. आमच्या चिरंजीवांनी दोन पेट्या पाहून ठेवल्या होत्या. एक साडेतीन किलोची, 256 वॉट-अवरची. दुसरी बारा किलोची, 1024 वॉट-अवरची. सुक्कोतच्या सुटीत किनेरेतच्या काठी तंबू ठोकण्याचा त्यांचा बेत होता, त्यामुळे मन हलक्या पेटीकडे ओढत होते. तिची किंमतही कमी. दुकानदाराने तर "हिच्यावर सारे काही चालते" असे छातीठोकपणे सांगितले.

आमचा पेशा शिक्षकाचा. हिशेब केल्याखेरीज चैन पडेना. वॉट आणि वॉट-अवर यांत फरक काय, असे मातोश्रींनी विचारले. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत, 'शनिवार तेली' ही आपली जुनी ओळख. म्हणून आम्ही त्याच भाषेत सांगितले : वॉट म्हणजे वात केवढी जळते ते, आणि वॉट-अवर म्हणजे दिव्यात तेल किती आहे ते.

मातोश्री तत्काळ म्हणाल्या, "अरे, मग आधी माझी वात केवढी ती बघ!"

यंत्राच्या पाठीवर 350 वॉट असे लिहिले होते. लहान पेटी एका वेळी 300 वॉटच देते. तंबूतील पाच वॉटचा दिवा आणि वीस वॉटचा पंखा तिने आठ तास चालविला असता, परंतु मातोश्रींचे यंत्र नव्हे. मोठी पेटी 1800 वॉट देते. मात्र बॅटरीतील वीज 230 व्होल्टची करताना काही भाग खर्ची पडतो. हाती येतात सुमारे 870 वॉट-अवर. त्यांस 350 ने भागिले. उत्तर आले अडीच तास.

आम्ही स्तब्ध झालो. हिशेब केला नसता, तर त्या पेटीच्या भरवशावर आम्ही निर्धास्त झोपलो असतो!

अखेर मोठी पेटी घेतली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडरही आणून ठेवला. पेटी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. हा प्रकार जड, परंतु हजारो वेळा भरता येतो. दर महिन्यास आम्ही तिची भरती तपासतो. उन्हात तापलेल्या मोटारीत ती ठेवीत नाही.

सुक्कोतला चिरंजीव किनेरेतला गेले, ते बॅटरीचा एक साधा कंदील घेऊन. पेटी मातोश्रींच्या उशाशीच राहिली. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते.

असो. वाचकांनी अशी पेटी घेताना प्रथम आपल्या घरची वात मोजावी. तेलाचा भाव मागाहून विचारावा.