प्रीतीचं होमवर्क

आमच्या ऑफिसात 'लव्ह' हा शब्द दिवसातून पन्नासदा तरी ऐकू येतो. 'लव्ह युअर प्रेझेंटेशन!' 'लव्ह द कुर्ती, कुठून घेतलीस?' 'आय जस्ट लव्ह धिस कॉफी!' सोमवार ते शनिवार मी याच भाषेत जगते, आणि रविवारी सकाळी वसईला, मिस्सा संपल्यावर, सात-आठ वर्षांच्या बावीस पोरांसमोर उभी राहून त्यांना 'प्रेम' शिकवते. कॅटेकिझम टीचर! ऑफिसात कुणाला सांगितलं की आधी दोन सेकंद शांतता, मग हमखास ठरलेला प्रश्न, 'म्हणजे नक्की काय शिकवतेस गं? प्रेम काय शिकवायची गोष्ट आहे?'

प्रश्न वाजवी आहे. आपल्या सगळ्यांचं शिक्षण हिंदी सिनेमावर झालेलं. प्रेम 'होतं', 'पडतं', 'जडतं'. पावसात जडतं, कॉलेजच्या कट्ट्यावर जडतं. ताप आल्यासारखं येतं आणि कधीकधी तसंच उतरतं. आता तापाचा क्लास कोण घेणार?

पोरांचंही काही वेगळं नाही. पहिल्या रविवारी मी फळ्यावर मोठ्ठं 'प्रेम' लिहिलं आणि विचारलं, तुमचं कशावर प्रेम आहे? उत्तरं धडाधड आली. मम्मी, पिझ्झा, विराट कोहली, आमचा कुत्रा, पप्पांचा मोबाइल. एकाने तर 'येशू' सांगितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की, बघा टीचर, मला बरोबर उत्तर माहितीये! यादी पुरी झाली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यात फक्त आवडणाऱ्या गोष्टी होत्या. म्हणजे 'प्रेम'चा अर्थ 'आवड'. आणि आवड शिकवावी लागत नाही, ती आपोआप असते. शिकवावं लागतं ते पुढचं. आवडत नसलेल्या माणसाचं काय करायचं?

इथे मला आपल्या मराठी बायबलाचं कौतुक वाटतं. तिथे या गुणाला शब्द आहे 'प्रीती'. श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन ख्रिस्ती सद्गुण, आणि त्यांत प्रीती सगळ्यांत थोर. मूळ ग्रीकमध्ये 'आगापे', लॅटिनमध्ये 'कारितास'. 1611 च्या इंग्लिश बायबलात इथे चक्क 'चॅरिटी' होतं, पण त्या शब्दाचं पुढे डोनेशन झालं. मराठीतली 'प्रीती' आता रोजच्या बोलण्यात फारशी उरलेली नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच तिचा फायदा. पोरांच्या डोक्यात त्या शब्दाबरोबर ना हार्ट येतं ना व्हॅलेंटाइन. आली तर शेजारच्या बिल्डिंगमधली प्रीतीताई येते. तेवढं चालतं!

संत पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र तुम्ही वाचलं नसेल, तरी त्यातला प्रीतीचा उतारा इंग्लिश सिनेमातल्या लग्नांत ऐकला असेल. फुलं, गाऊन, व्हायोलिन आणि प्रीती सहनशील असते वगैरे. गंमत म्हणजे हे पत्र कुठल्याही वधूवरांसाठी लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलं होतं एका भांडकुदळ मंडळीला! इसवी सनाच्या पन्नाशीत कधीतरी, करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना. त्यांच्यात गट पडले होते, कोण मोठा यावर वाद होता, आणि एकत्र जेवायला जमले की पैसेवाले आधी येऊन खाऊन घ्यायचे, गरीब उपाशी राहायचे.

हे मी पोरांना सांगितलं तेव्हा वर्गात खरोखर संताप उसळला. 'टीचर, म्हणजे डबा शेअर नाही केला?' डबा शेअर न करणं हा दुसरीतल्या मुलांच्या लेखी कोर्टात जाण्याइतका गंभीर गुन्हा आहे. मग पौलाचं पत्र समजायला वेळ लागला नाही. डबा शेअर न करणाऱ्यांना आलेलं ते पत्र!

आणखी एक बारीक गोष्ट. पौल प्रीतीचं जे वर्णन करतो त्यात ग्रीकमध्ये एकही विशेषण नाही. सलग पंधरा क्रियापदं आहेत. प्रीती धीर धरते, फुशारकी मारत नाही, चिडत नाही... सगळी करण्याची नाहीतर न करण्याची कामं. एक क्रियापद तर थेट हिशेबनीसाच्या वहीतलं आहे. दुसऱ्याने केलेलं वाईट प्रीती खात्यावर मांडून ठेवत नाही. थोडक्यात, एक्सेल शीट मेन्टेन करत नाही! तुमच्या-माझ्या डोक्यात अशी किती शीट्स ओपन असतात हो? कुणी कधी मीटिंगमध्ये तोंडघशी पाडलं, कुणी बर्थडेला विश केलं नाही, सगळं तारीखवार.

वर्गात आम्ही एक खेळ खेळतो. खेळ जुनाच आहे, अनेक टीचर वापरतात. 'प्रीती' काढायची आणि तिथे आपलं नाव घालून वाक्यं मोठ्याने म्हणायची. अमुक धीर धरतो. अमुक चिडत नाही. तिसऱ्या वाक्याला वर्ग हसून लोळत असतो, कारण अमुक मघाशीच पेन्सिलवरून चिडलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. मीही म्हणते. 'टीचर चिडत नाही' यावर सर्वांत जास्त हशा येतो. पण शेवटी एखादा हळूच विचारतो, 'टीचर, मग हे कुणाला जमतं?' तिथून येशूकडे जायला एकच पाऊल राहतं.

मग येतं होमवर्क. आठवड्यात एक काम असं करायचं की ज्यातून आपल्याला काही मिळणार नाही, आणि शक्यतो कुणाला कळता कामा नये. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही येशूचीच शिकवण. पहिल्यांदा पालकांचा थोडा विरोध झाला. 'टीचर, स्टिकर द्या ना, मुलं मोटिव्हेट होतात.' होतात, मान्य. आपणही होतो, अप्रेझल त्यासाठीच तर असतं! पण मग मूल आजीचा चष्मा शोधून देतं ते स्टिकरसाठी. स्टिकर संपले की चष्माही सापडायचा बंद. आम्ही स्टिकर ठेवले नाहीत. आता रविवारी पोरं येतात, गुपित फुटू नये म्हणून ओठ घट्ट मिटून घेतात आणि डोळ्यांनी सांगतात की केलंय, पण सांगणार नाही. बावीसातले पंधरा तरी खरं बोलत असावेत. बाकीचे अभिनय शिकतायत, तेही कधीतरी उपयोगी पडेल.

त्यानंतर चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता साधारण 25-30 किलोमीटरचा, आणि तेवढ्यात हजारेक मीटर खाली उतरणारा. निर्जन, चोरांना सोयीचा. एका माणसाला लुटतात, मारतात, अर्धमेला टाकून जातात. देवळातला याजक बघून पुढे जातो. लेवीही जातो. थांबतो तो शोमरोनी. आता 'शोमरोनी' म्हटलं की आठ वर्षांच्या मुलाला काय कळणार? यहुदी आणि शोमरोनी एकमेकांना पाण्यात पाहायचे, हे सांगून भागत नाही. मी सांगते, 'समजा, विरार फास्टमध्ये बोरिवलीवाला...' पुढचं बोलावंच लागत नाही! बोरिवलीला उतरणाऱ्याने विरार लोकलमध्ये चढणं हे केवढं पाप, ते आमच्या वसईच्या पोरांना बाळकडूतून मिळालेलं असतं. त्यांचे पप्पा रोज संध्याकाळी तेच पुराण सांगतात. त्या गर्दीत तुमचे पप्पा चक्कर येऊन पडले, आणि सगळे विरारवाले मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहिले, आणि बोरिवलीवाल्याने त्यांना धरलं, आपलं स्टेशन सोडलं, हॉस्पिटलात नेलं तर?

वर्ग गप्प होतो. बोरिवलीवाला चांगला असू शकतो ही कल्पना पचायला वेळ लागतो.

शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो, तिथल्या माणसाला दोन दिनार देतो. दिनार म्हणजे तेव्हाची मजुराची एका दिवसाची कमाई. आणि सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. माझा एक चष्मेवाला विद्यार्थी दरवेळी हिशेबात शिरतो. 'मग तो परत आला का? पैसे दिले का?' गोष्टीत ते सांगितलेलं नाही. मला त्याचा प्रश्न फार आवडतो. कारण उमाळा एकदाच येतो, पण परत येऊन बिल भरणं हे वेगळं काम आहे. सद्गुण त्याला म्हणतात.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग आला शत्रूवर प्रीती करण्याचा रविवार.

दुसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी, एरवी फार बोलत नाही. तिने हात वर केला. 'टीचर, माझा दादा मारतो. चुलत दादा. मम्मी ऑफिसला गेली की मारतो. मी सॉरी म्हणते, त्याच्यासाठी प्रेयर पण करते. तरी मारतो. मग अजून प्रीती करायची का?'

बावीस पोरं माझ्याकडे बघत होती. घड्याळात पाच मिनिटं उरलेली. हा काही गृहपाठातला प्रश्न नव्हता. सहन करणं, क्षमा करणं, दुसरा गाल पुढे करणं हे सगळं लहान मुलाला नुसतं पाठ करायला लावलं, तर ते मारणाऱ्याच्या सोयीचं होतं. मूल गप्प बसतं आणि वर त्याला वाटतं की आपण गप्प बसतोय म्हणजे आपण चांगले. आपल्याकडे मुलींना हा धडा चर्चबाहेरही भरपूर मिळतो. सून झाल्यावर तर रिव्हिजनच सुरू होते.

मी तिला योहानाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग सांगितला. येशूला पकडून मुख्य याजकापुढे उभं केलेलं असतं. एक शिपाई त्याला थोबाडीत मारतो. येशू त्याला उलट मारत नाही. पण गप्पही बसत नाही. तो तोंडावर विचारतो की माझं काही चुकलं असेल तर सांग, आणि चुकलं नसेल तर मला का मारतोस?

'म्हणजे विचारायचं?' तिने विचारलं.

विचारायचं, मी म्हटलं. आणि मोठ्या माणसाला सांगायचं. आणि तो एकटा असेल त्या खोलीत जायचं नाही. त्याला परत न मारणं ही प्रीती आहे. आणि त्याला मारू न देणं हीसुद्धा प्रीतीच, कारण मारता मारता तोही बिघडत चाललाय. क्षमा मनातून करता येते, त्यासाठी मार खायला जवळ उभं राहावं लागत नाही.

वर्ग सुटल्यावर मी तिच्या आईशी बोललो... म्हणजे मी आणि आमचे फादर, दोघं. आईला काहीच माहीत नव्हतं. शाळा सुटल्यावरचा तिचा दुपारचा मुक्काम त्याच आठवड्यात आजीकडे हलला. चुलत दादा पंधरा वर्षांचा, त्याच्याशीही फादर बोलले, बोलतायत. वर्गाच्या दारावर आता 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर लावलाय, दहा आज्ञांच्या शेजारी. एका काकूंना ते जरा खटकलं. मला ती जागा योग्य वाटते.

या महिन्यात आम्ही टिळकांच्या घरी पोहोचलोय. रेव्हरंड नारायण वामन टिळक, 'केवढे हे क्रौर्य' ही कविता लिहिणारे. त्यांच्या तेव्हाच्या अहमदनगरातल्या घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक तरुण घरच्या मुलासारखा राहिला. आपण त्याला बालकवी म्हणून ओळखतो. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्याच्याबद्दल भरभरून लिहिलंय. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्या घरातली त्याची जागा त्यामुळे कमी झाली नाही. पोरांना हे सांगावंसं वाटतं, कारण त्यांच्या बिल्डिंगमधले अर्धे मित्र चर्चला येत नाहीत, आणि कुणीतरी विचारतंच, 'देव त्यांच्यावर पण प्रीती करतो का?' प्रीतीच्या बदल्यात काही मागितलं की तो व्यवहार होतो, एवढं त्यांना डब्याच्या भाषेत पटकन कळतं.

आणि दुसऱ्या बाकावरची? तिने मागच्या रविवारी मला बाजूला घेऊन रिपोर्ट दिला. दादा बर्थडेला घरी आला होता. तिने त्याला केक दिला, पण मम्मीच्या शेजारी उभी राहून. आणि त्याला विचारलं, तू मला का मारायचास?

'मग तो काय म्हणाला?'

'काहीच नाही. रडला.' ती थोडा विचार करून म्हणाली, 'टीचर, हे होमवर्कमध्ये धरायचं का? मम्मीने पाहिलं ना.'

धरलं.